गेट नंबर दोन

मे महिन्यातली दुपार, मानेवाडा.
कूलरच्या टाकीतलं पाणी तळाला गेलंय,
वाळ्याला करपट वास येतोय,
आणि मी बाबांच्या खुर्चीत बसून
त्यांच्या संगणकाला विचारतेय,
वरच्या मजल्यावरून तू दिसत का नाहीस.

मध्ये तेरा पायऱ्या. एक स्लॅब.
"वहिनी, अजून नाही!" संघमित्रा वरून ओरडते.
मार्ग सापडत नाही, म्हणतंय तिचं मशीन.
राउटर मात्र भिंतीवर सगळे दिवे लावून बसलाय,
वरातीतल्या बत्तीवाल्यासारखा,
ज्याला नवरदेव कोण ते ठाऊक नसतं.

बाबा कॉटवर आडवे. एकतीस वर्षं त्यांनी
दारूगोळ्याच्या कारखान्याचं
गेट नंबर दोन सांभाळलं.
"काहून अडकलं?"
फायरवॉल, मी म्हणते.
"म्हणजे?"
मी सांगू लागते, अर्ध्यातच ते उठून बसतात:
"म्हणजे गेट. मंग असं सांग ना बाप्पा."

येणार कोण? फाइली मागणारी.
कोणत्या दारानं? चारशे पंचेचाळीस.
"इतके दारं हायेत?"
पासष्ट हजारांच्या वर.
ते चष्मा काढतात, पुसतात, परत लावतात.
"आमच्याकडं तीन होते.
अन् रातपाळीले तिसऱ्याची कडी लागत नव्हती."
येणार कुठून? फक्त आपल्याच घरातून.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक,
आणि पुढचा आकडा ज्याचा त्याचा.
"मंग त्याले तसंच लिहून दे. तोंडी नाई चालत.
तोंडी सांगितलेलं पाळी बदलली का गेलं."

लिहून दिलं. नाव दिलं, दार दिलं, पत्ता दिला.
"नाही!" वरून.

पुन्हा पाहिलं. चहा झाला.
लाइट गेली, आली, सगळं पुन्हा चालू होईपर्यंत
बाबांनी टाकीत दोन बादल्या ओतल्या.
आणि मग सापडलं, एका कोपऱ्यात, बारीक अक्षरांत:
हे नेटवर्क सार्वजनिक आहे.

दिवाळीत नवा राउटर लावला तेव्हा
यानं एकदा विचारलं असणार,
कुणीतरी घाईत काहीतरी दाबलं असणार.
तेव्हापासून सहा-सात महिने हे खोकं
आमच्या घराला बर्डीचा बसथांबा समजत होतं.
पिशवी पोटाशी धरून,
कुणाशी न बोलता बसून होतं.

मी हसले. बाबा हसले नाहीत.
"त्याची चूक नाई," म्हणाले,
"त्याले सांगितलंच नाई कोणी, का हे घर हाय."

खाजगी, असं निवडलं.

आता फोल्डर. द्यायचा एकच. नाव: किरकोळ.
त्यात आईंच्या दोन कॅसेटी,
सदरच्या दुकानात भरून घेतलेल्या.
मधली खरखर काढू का, दुकानातल्या पोरानं विचारलं तेव्हा
बाबा म्हणाले होते, राहू दे, पैसे तेवढेच घे.

नुसतं ऐकू द्यायचं, मी विचारते,
की बदलूही द्यायचं?
ते बराच वेळ खिडकीच्या जाळीकडे बघतात.
तिथं काही नाही, उन्हात उभी स्कूटर आहे.
"आत येऊ दे," म्हणतात. "हात लावू नको देऊ."
आणि थोड्या वेळानं, जुन्या आवाजात:
"जातानी झडती नाई. नेलं तर नेलं."

टिक केलं. ओके केलं.
या वेळी वरून कुणी ओरडलं नाही.
खुर्ची सरकल्याचा आवाज आला फक्त,
मग स्लॅबमधून खरखर,
मग कुणीतरी तोंड फार जवळ नेऊन बोलतंय तसं:
हॅलो. हॅलो. येते का आवाज?
हे लाल बटन दाबून ठिवू का सोडू?

बाबा उठले,
अनवाणी, सांडलेल्या पाण्यातून गेले,
आणि शेहेचाळीस डिग्रीत
कूलर बंद केला.